एक रिंग द्या

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आडनाव विचारलं नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मांस-मच्छी खाता का तेही विचारलं नाही. बंगळुरात हे तीन प्रश्न चुकवून कुणाला खोली मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला तो असा : सिम कुठलं, आणि किती दिवसांचं?

मी नागपूरची. मारतहळ्ळीच्या गल्ल्यांतून सकाळपासून सहा खोल्या बघून झालेल्या, डोकं तापलेलं. मनात म्हटलं, हा माणूस काय विचारून राहिला बाप्पा. तरी सांगितलं, अठ्ठावीस दिवसांचं, रोजचा दोन जीबी डेटा. एक्स-रे बघून डॉक्टर हलवतात तशी त्यांनी मान हलवली. "स्वल्प बसा, अक्का," म्हणाले. पासष्टीचा माणूस मला, सव्वीस वर्षांच्या मुलीला, अक्का म्हणतो याचाही राग आला. पुढे कळलं की ते सगळ्याच बायकांना अक्का म्हणतात आणि सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. मीही म्हणायला लागले.

अण्णांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपासून या मुलखात. घरात मराठीच, पण माझ्या कानाला ते अर्धं ओळखीचं आणि अर्धं परकं वाटायचं. वाक्याच्या सुरुवातीला 'सरी', म्हणजे बरं, आणि शेवटी 'की'. एका कारखान्यात कामगारांच्या हजेरीची घड्याळं सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त झाल्यावर घरावर दोन मजले चढवले, भाड्याने दिले, आणि स्वतःला वाहून घेतलं ते लोकांना त्यांच्या मापाचा स्वस्तात स्वस्त फोनचा प्लॅन शोधून देण्याला. यात थट्टा नाही. आजूबाजूच्या चार गल्ल्यांत फुलवालीपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत कुणी अण्णांना विचारल्याशिवाय रिचार्ज करत नसे. कोपऱ्यावरचा रिचार्जवाला त्यांना येताना बघितलं की उगाच फडकं घेऊन काच पुसायला लागायचा.

त्यांची एक पद्धत होती. कुणी सल्ला मागायला आलं की ते आधी एक कोरा कागद द्यायचे आणि पंधरा दिवसांनी या म्हणायचे. पंधरा दिवस त्या कागदावर लिहायचं : फोन कुणाला केला, कुणाचा आला, किती मिनिटं, आणि आधी कुणी ठेवला. शेवटचा रकाना कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, मिनिटं कंपनीपण सांगते की, गरज कुणाची ते हा रकाना सांगतो.

मी कागद भरून दिला. त्यांनी चष्मा लावून तो असा वाचला की मला परीक्षेचा निकाल लागत असल्यासारखं झालं. रोज रात्री आईशी चाळीस मिनिटं, आधी फोन ठेवणारी मी. ऑफिसात वायफाय, घरी मालकांचं वायफाय, म्हणजे रोजचे दोन जीबी फुकट चाललेत. तुम्हाला डेटा नको, मुदत पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि वर्षभराच्या मुदतीचा एक प्लॅन काढून दिला जो ॲपमध्ये इतका खाली दडवलेला होता की मी सात जन्मांत तिथवर पोचले नसते. मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, यात अनोळखी नंबर एकसुद्धा नाही. मी म्हटलं, अनोळखी मी उचलतच नाही, सगळे क्रेडिट कार्डवाले असतात.

"असतात," अण्णा म्हणाले. "पण सगळे नसतात की."

दुसऱ्या मजल्यावर पुण्याची तीन मुलं राहायची. त्यातल्या एकाच्या कागदावर पंधराही दिवस एकच नंबर होता, रोज दोन-दोन तास. अण्णांनी त्याला सांगितलं, या रोगावर प्लॅन नाही, लग्न करा. आणि खरंच त्याने वर्षाच्या आत केलं. अण्णांना वाटे, आपल्यामुळे झालं.

आता गंमत अशी की हा दुनियेला प्लॅन वाटणारा माणूस स्वतः फोन करत नसे. कधीच नाही. गळ्यात जानवं, आणि त्याच्या बरोबरीने जुन्या पँटच्या कापडाची शिवलेली एक पिशवी, त्यात बटणांचा फोन. तो फोन फक्त यायचा, त्यांच्याकडून जायचा नाही. गॅस सिलेंडर मागवायचा झाला तर दुसऱ्या मजल्यावर चढायचे आणि त्या मुलांचा फोन मागायचे. तुमचं अनलिमिटेड आहे की, म्हणायचे. तीन मजल्यांचा धनी आणि फोनसाठी भाडेकरूंपुढे हात पसरतो, म्हणून ती मुलं त्यांना आपसांत चिक्कूशेठ म्हणायची. मीही हसले आहे त्यावर. कुणी त्यांना फोन केला तर समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी "काम? सरी. ठेवा." संपलं. सख्ख्या मावसबहिणीचाही फोन त्यांनी दहा सेकंदांत ठेवलेला मी पाहिला आहे. पण अनोळखी नंबर असला, अगदी कर्ज देऊ करणारी बाई असली, तरी दुसरी घंटा वाजायच्या आत उचलायचे आणि नाव, गाव ऐकून घेतल्याशिवाय ठेवायचे नाहीत. अंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या साबणदाणीत घालून बरोबर न्यायचे. देवळात गाभाऱ्याशी रेंज नाही म्हणून दारातूनच नमस्कार करायचे.

आणि रोज सकाळी सात वाजता जिन्यातून हाक यायची, "अक्का, एक रिंग द्या."

रिंग द्यायची म्हणजे माझ्या फोनवरून त्यांचा नंबर लावायचा. खाली घंटा वाजायची, ते एकाच घंटेत कापायचे, झालं. फोन चालू आहे याची रोजची तपासणी. भाडेकरूंमध्ये त्याच्या पाळ्या लावलेल्या होत्या, एक आठवडा पहिल्या मजल्याचा, म्हणजे माझा, एक आठवडा पुण्याच्या मुलांचा. भाडेकरारात लिहिलेलं नव्हतं एवढंच. मी सॉफ्टवेअर तपासणारी, दिवसभर लोकांच्या चुका काढायचा माझा धंदा. म्हटलं, माझ्याहून वरचढ भेटला.

या सगळ्याचा उलगडा मला चार महिन्यांनी झाला. अण्णांबरोबर त्यांचा धाकटा भाऊ राहायचा, बाळू. वय पंचावन्न, केस पांढरे, आणि मन सात-आठ वर्षांच्या मुलाचं. अगदी गुणी माणूस. मला जिन्यात भेटला की रोज विचारायचा, नागपूरला ट्रेन जाते? जाते म्हटलं की खूश. त्याला गाड्यांचं वेड होतं. सकाळी दहाला निघून के. आर. पुरम स्टेशनच्या पादचारी पुलावर उभा राहायचा आणि एकला जेवायला परत यायचा. पण कधीकधी परतीची भलतीच बस पकडायचा आणि हरवायचा. महिन्या दोन महिन्यांतून एकदा ठरलेलं. पत्ता त्याला सांगता यायचा नाही, 'अण्णाचं घर' एवढंच म्हणायचा. गळ्यात बिल्ला घातला तर काढून फेकायचा, शर्टाच्या आत नंबर शिवला तर बोचतो म्हणून उसवायचा. एकदा कुणीतरी ठिकाण दाखवणारं घड्याळ आणून दिलं, ते त्याने बसमधल्या रडणाऱ्या पोराला देऊन टाकलं.

मग त्यांच्या आईने, ती जिवंत असताना, त्याला अण्णांच्या फोनचे दहा आकडे शिकवले होते. पाच आणि पाच, जात्यावरच्या ओवीसारख्या चालीत. दोन वर्षं लागली. पण एकदा बसले ते बसले. हरवला की बाळू समोर दिसेल त्या दुकानात शिरायचा आणि दहा आकडे म्हणायचा. दुकानदार फोन लावायचा, अण्णांच्या पिशवीत घंटा वाजायची. "त्याला चहा द्या, साखर जास्त. आलोच," असं सांगून अण्णा चपला घालायचे. त्याला बंद का ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, आईने आकडे शिकवले ते त्याला हिंडता यावं म्हणून, कोंडायचंच असतं तर शिकवायचं काय नडलं होतं?

तर तो नंबर कधी बंद पडता कामा नये, कधी बिझी लागता कामा नये. पूर्वी त्यांच्याकडे आजन्म इनकमिंग फुकट असं सांगून विकलेलं सिम होतं. अण्णांनी विश्वास ठेवला. मग एक दिवस नियम बदलला, त्यांना पत्ता नाही, नंबर मुका झाला, आणि नेमका त्याच दिवशी बाळू हरवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडला, बाजारातल्या हमालांबरोबर झोपलेला. तेव्हापासून अण्णा प्लॅनचे पंडित झाले. कुठल्या पॅकला किती मुदत, मुदत संपल्यावर इनकमिंग किती दिवस चालतं, सगळं तोंडपाठ. आधी स्वतःसाठी शिकले, मग विद्या आलीच आहे तर वाटायला लागले. आणि कंपनीच्या मेसेजवर त्यांचा काडीचा विश्वास उरला नाही. रिचार्ज केलेला असला तरी ते 'रिचार्ज करा' म्हणून रोज ओरडतात, असं म्हणायचे, आणि एकही मेसेज उघडायचे नाहीत. त्यांचा विश्वास भिंतीवरच्या कॅलेंडरवर. स्वतःसाठी वर्षभराचं पॅक घेत नसत, 'आजन्म'ने एकदा फसवलंय, अठ्ठावीस दिवस डोळ्यासमोर मोजता तरी येतात, म्हणायचे. रिचार्ज झाला की त्या तारखेपासून अठ्ठावीस चौकटींवर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढायची. रेघ संपायच्या आदल्या दिवशी नवा रिचार्ज. त्या कॅलेंडरला दुसऱ्या कुणी हात लावलेला मी पाहिला नव्हता.

हे ऐकल्यावर मला चिक्कूशेठ म्हटल्याची लाज वाटली. पण लाज वाटून माणूस शहाणा होतो असं थोडंच आहे?

त्या वर्षी अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. चार दिवस दवाखान्यात. तेवढे दिवस बाळूला बाहेर सोडायचं नाही असं ठरलं, मावसबहीण येऊन राहिली. फोन आणि कॅलेंडर अण्णांनी माझ्या हवाली केलं. परवा रेघ संपते, म्हणाले. तेच पॅक टाका, दुसरं काही बघू नका. मला जरा लागलं ते. मी काय अडाणी आहे?

रिचार्जच्या दिवशी ॲप उघडलं, आणि मला त्यांच्या पॅकहून बऱ्याच कमी किमतीचं एक पॅक दिसलं. मुदत तीच, अठ्ठावीस दिवस. वर डेटा. मला इतका आनंद झाला की काय सांगू. चार गल्ल्यांच्या गुरूला जे दिसलं नाही ते चेलीला दिसलं. मी ते टाकलं, टाकल्याचा मेसेज आला, आणि हिरवी पेन्सिल घेऊन त्यांच्या कॅलेंडरवर अठ्ठावीस चौकटींची रेघ ओढली. पट्टी लावून ओढली. दवाखान्यात त्यांनी विचारलं, टाकलं का? टाकलं म्हटलं. तुम्हाला एक गंमत सांगायची आहे, घरी या मग सांगते. ते घरी आले ते वेदनेने वाकलेले, आणि माझ्या ऑफिसात कामाची धांदल सुरू झाली. गंमत सांगायची राहिली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही उगाच नाही.

आठवडा गेला. मावसबहीण गेली. रोज सातला मी रिंग देत होते, खाली घंटा वाजत होती. बाळूने पुलावर जायचा हट्ट धरला आणि अण्णांनी त्याला सोडलं. त्या दिवशी मी घरून काम करत होते. एक वाजला, दोन वाजले, बाळू नाही. मी खाली डोकावले तर अण्णा खाटेवर शांत पडलेले, पिशवी छातीवर. येईल फोन, म्हणाले. तीन वाजले तेव्हा त्यांची हाक आली, तशीच, रोजच्या आवाजात.

"अक्का, एक रिंग द्या."

मी जिन्यातच उभी राहून नंबर लावला. खाली घंटा वाजली नाही. माझ्या कानात एक बाई आधी कन्नडमध्ये, मग इंग्रजीत सांगत होती की या क्रमांकावरची इनकमिंग सेवा बंद आहे. मी परत लावला. परत तीच बाई. कठडा धरून मी खाली उतरले. सकाळी सातला तर वाजला होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. कुठलं पॅक, कधी, का. त्यांनी माझा फोन हातात घेतला, चष्मा लावला आणि ते पॅक वाचलं. आवाज चढवला नाही.

"ही चटणी आहे हो, अक्का," म्हणाले. "भात कुठाय?"

ते पॅक नुसत्या डेटाचं होतं. त्याने नंबरची मुदत वाढत नाही. जुन्या पॅकची मुदत संपली तेव्हाच त्या फोनवरून बाहेर जाणारे फोन बंद झाले असणार, पण त्यावरून फोन कोण करत होतं की कुणाला कळावं? आठवडाभर इनकमिंगची मेहरबानी चालली आणि त्या दिवशी सकाळी सातनंतर केव्हातरी संपली. पिशवीतल्या फोनवर कंपनीचे अकरा मेसेज न उघडलेले पडले होते. आणि भिंतीवर माझी पट्टी लावून ओढलेली रेघ, अजून वीस दिवस शिल्लक असल्याचं सांगत.

मी तिथेच उभ्या उभ्या खरं पॅक टाकलं. दोन मिनिटांत फोन जिवंत झाला. पण बाळूने आकडे आधीच कुठेतरी म्हटले असतील, आणि त्याला काय उत्तर मिळालं असेल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. अण्णा उठायला लागले, टाक्यांनी ओढ घेतली, परत बसले. तसंही त्यांना फोन सोडून जाता येत नव्हतं. मी म्हटलं मी जाते. त्यांनी एवढंच सांगितलं की त्याला नावाने हाक मारू नका, दचकतो, समोर जाऊन उभ्या राहा.

रिंग रोडच्या त्या गर्दीत रिक्षा मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि मी आत बसून हात चोळत होते. के. आर. पुरमच्या पुलावर बाळू नव्हता. फलाटावर नव्हता. बसस्टॉपवर मी माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये, मग हिंदीत, दिसेल त्याला विचारत सुटले : पांढरे केस, निळा शर्ट, आकडे म्हणतो. स्टॉपसमोरच्या बेकरीवाल्याने मान वर केली. आला होता म्हणाला, एकच्या सुमाराला. नंबर सांगितला, मी लावला, बंद होता. मी त्याला सांगितलं, नंबर इल्ल. असा नंबरच नाही. तो ऐकेना, परत परत तेच आकडे म्हणत होता. गिऱ्हाइकं खोळंबली म्हणून मी त्याला बाहेर जायला सांगितलं. रडत होता जरा, असं तो मला म्हणाला, खाली बघून.

मी त्या बेकरीच्या पायरीवर बसले. त्या माणसाची काय चूक? दोन वर्षं लावून एका आईने जे शिकवलं होतं ते मी चार पैसे वाचवून पुसून टाकलं होतं. आता तो ते आकडे पुन्हा का म्हणेल? नाहीच लागला नंबर तर माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कशाच्या जोरावर म्हणेल?  तरी उठले, आणखी दोन बसस्टॉप पालथे घातले.

सहा वाजत आले असताना माझा फोन वाजला, आणि त्यावर अण्णांचं नाव आलं. माझ्या ओळखीत त्यांनी त्या फोनवरून केलेला तो पहिला फोन. मला उचलायची भीती वाटली. "मिळाला," म्हणाले. "व्हाइटफील्ड. पंक्चरचं दुकान. पाठवलाय पत्ता दुसऱ्या मजल्यावरून. ठेवा." नऊ सेकंद.

बाळू टायरवर बसून चहा पीत होता. पंक्चरवाला म्हणाला, या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांत हा तेच आकडे म्हणत फिरत होता, मी पाचवा की सहावा. अण्णांनीच त्याला ते शिकवलं होतं, हे मला नंतर कळलं. आईने आकडे शिकवले आणि अण्णांनी, एका दुकानात नाही लागला तर पुढच्या दुकानात जायचं. रिक्षात बाळू माझ्याकडे बघत नव्हता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "अण्णाचा नंबर नाही?" आहे म्हटलं. त्याने नागपूरच्या ट्रेनचं विचारलं नाही.

अण्णांनी मला शिव्या द्याव्यात, खोली सोडायला सांगावं, असं मला फार वाटत होतं. त्यांनी काही केलं नाही. फक्त सकाळी सातची हाक माझ्या मजल्यावर यायची बंद झाली. पाळी माझी असली तरी पुण्याच्या मुलांना हाक मारायचे. मी रोज पावणेसातला उठून दाराशी बसायचे आणि हाक वर निघून जायची. मोठ्याने रागावलं तर माणूस भांडू तरी शकतं. तीन महिने हे चाललं. त्याच सुमाराला ऑफिसने नवा नंबर आणि बिल भरायची सोय देऊ केली, मीही मनात म्हटलं, हा जुना नंबर टाकून देऊ, खोलीही बदलू, तोंड लपवायला बरं.

एका रविवारी सकाळी खालून बाळूचा आवाज आला. आकडे म्हणत होता, पाच आणि पाच, त्याच चालीत. अण्णा मध्ये थांबवून दुरुस्त करत होते. हा परत अडखळायला का लागला, म्हणून मी जिन्याकडे कान लावला. मग शेवटचे तीन आकडे कानावर पडले आणि मी हातातला चहा ठेवला. ते आकडे अण्णांच्या फोनचे नव्हते. माझ्या फोनचे होते.

मी तशीच खाली गेले. मला राग आला होता, रडूही येत होतं, नक्की काय ते मलाच कळत नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही तर म्हणता त्याच्या डोक्यात एकच नंबर मावतो. आणि मला विचारलंत का? मी उद्या नंबर बदलला तर? मी चूक केली होती, अण्णा.

"म्हणून तर," अण्णा म्हणाले. "चूक केलेली आहे त्यामुळे तुम्ही विसरणार नाही. त्या पोरांनी अजून केलेली नाही." मग पिशवी सारखी करत म्हणाले, "आणि तुमचं प्लॅन चांगलं आहे की. मीच काढून दिलेलं. वर्षभर बघायला नको."

पहिला नंबर वाजून वाजून थांबला, कुणी उचललाच नाही, तरच दुसरा म्हणायचा, असं ते त्याला शिकवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जिन्यातून हाक आली, माझ्या मजल्यावर. बाळूला माझे आकडे बसायला सात महिने लागले. माझी चाल त्याला अवघड जायची, दोन शून्यं लागोपाठ आहेत.

पुढे माझं ऑफिस हललं आणि मी व्हाइटफील्डला राहायला गेले. ऑफिसचा नंबर मी घेतला नाही. दर वर्षी अण्णांनी काढून दिलेलं तेच पॅक टाकते, तारखेच्या आठ दिवस आधी, आणि टाकताना दुसरं काही बघत नाही. आईशी चाळीस मिनिटं बोलायचं तर शेजारणीचा फोन मागते, तुमचं अनलिमिटेड आहे की, म्हणून. अंघोळीला जाताना साबणदाणी. ऑफिसातली मंडळी मला काय म्हणत असतील ते मला ठाऊक आहे, कारण तसंच मीही म्हटलेलं आहे. अनोळखी नंबर आता मी प्रत्येक उचलते. कर्जवाले, कार्डवाले, फ्लॅटवाले, सगळ्यांचं नाव आणि गाव ऐकून घेते आणि मगच ठेवते. प्रत्येक वेळी म्हणते, हा बाळूचा नसू दे. कारण तो बाळू असला, तर त्याचा अर्थ फक्त बाळू हरवलाय एवढाच नव्हता.

सकाळची सातची रिंग मी तिथूनही देत राहिले. एक घंटा, आणि ते कापायचे. पाच वर्षं. त्यांनी कापलं की माझा दिवस सुरू व्हायचा.

गेल्या पौषात एका दुपारी मीटिंगमध्ये असताना अनोळखी नंबर आला. मी खोलीतल्या सगळ्यांसमोर उचलला. के. आर. पुरमहून कुणी बेकरीवाला बोलत होता. इथे एक वयस्कर गृहस्थ आलेत, म्हणाला, तुमचा नंबर सांगतायत. आधी दुसरा एक सांगितला होता. तो मी दोनदा लावला, पूर्ण वाजला, कुणी उचलत नाही.

दुसरी घंटा वाजायच्या आत उचलणारा माणूस. सकाळी सातची रिंग त्यांनी कापली होती.  मागून बाळूचा आवाज येत होता, माझे आकडे, न अडखळता, दोन्ही शून्यं बरोबर.

"त्यांना चहा द्या," मी म्हटलं. "साखर जास्त. आलेच."

बाळूला घेऊन घरी पोचले तेव्हा पुण्याची मुलं, म्हणजे आता त्यांच्या जागी आलेली दुसरी मुलं, दार उघडून आत गेली होती. अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत होते, हात पिशवीवर. मी पिशवीतून फोन काढला. तो चालू होता. रेंज पूर्ण, बॅटरी भरलेली, दोन मिस्ड कॉल. बाळू माझ्या मागे उभा राहून कॅलेंडरकडे बघत होता, म्हणून मीही बघितलं. हिरवी रेघ अजून अकरा दिवस पुढे गेलेली होती.